पेशीलाही मऊ-कडक कळतं

शहाळ्यात कोवळी मलई आहे की खोबरं धरलंय, हे आपल्या बोर्ली पंचतनच्या बायकांना बोट लावताच कळतं. आपलं अंग ज्या इवल्याशा पेशींचं बनलंय, त्यांनाही असंच कळतं. आपण बसलोय ती जागा मऊ की कडक, हे पेशी चाचपून बघते.

पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीची चाचपणी बघायची कशी? शास्त्रज्ञ जेलीसारखे थर तयार करतात, एक मऊ, एक घट्ट. त्यात अगदी बारीक, चमकणारे मणी मिसळतात आणि वर जिवंत पेशी सोडतात. पेशी जेलीला धरून ओढते, तसे मणी सरकतात. ते किती सरकले हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं, की पेशीने किती जोर लावला ते कळतं. दुसरं एक यंत्र सूक्ष्म टोकाने पेशी दाबून बघतं, भात शिजला का म्हणून आपण शीत दाबतो तसं.

२००६ साली अमेरिकेत अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांनी हाडाच्या मगजातल्या एकाच प्रकारच्या पेशी अशा थरांवर वाढवल्या. मऊ थरावरच्या पेशी मेंदूतल्या पेशींसारख्या होऊ लागल्या, कडक थरावरच्या हाडाच्या पेशींसारख्या!

मुंबईत पवईच्या आयआयटीत शमिक सेन यांची प्रयोगशाळा कर्करोगाच्या पेशींचा असा अभ्यास करते. स्तनात कर्करोग वाढतो तेव्हा भोवतालचे तंतू दाट आणि ताठ होतात, म्हणून गाठ हाताला कडक लागते. हा कडकपणा पेशींना जाणवला, की त्या जास्त जोर लावतात आणि पसरू लागतात. म्हणजे कडकपणा ही आजाराची नुसती खूण नाही, त्याने आजाराला बळही मिळतं.

म्हणून सांगतो, "दुखत नाही ना, मग राहू दे" असं म्हणू नका. सुरुवातीला अशी गाठ बहुधा दुखत नाही. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक साध्याच असतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर लाजू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की हा विषय नक्की काढा.