दुवा आणि दवा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपण भेटलो की एकमेकांना विचारतो, ‘तब्येत कशी आहे?’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात अरबी आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. युनानी वैद्यकात ‘तबीअत’ या शब्दाला मोठा अर्थ आहे. शरीराचा कारभार चालवणारी आणि त्यातला बिघाड दुरुस्त करणारी जी शक्ती अल्लाहतआलाने माणसाच्या ठायी ठेवली आहे, ती तबीअत. ‘अल्-कानून’ हा वैद्यकग्रंथ लिहिणारे इब्न सिना (९८०-१०३७) यांच्या परंपरेत रोग बरा करते ती तबीअत. हकीम हा तिचा मदतनीस.

आजचे विज्ञानही हे अमान्य करीत नाही. बोट कापले तर रक्त आपोआप गोठते आणि जखम भरून येते. मोडलेले हाड डॉक्टर जागेवर बसवतात, पण ते सांधण्याचे काम शरीरच करते. श्रद्धा आणि धीर यांचाही यात वाटा आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून ज्यांना औषध नसलेले नुसते इंजेक्शन दिले, त्यांतल्या काहींच्या वेदना कमी झाल्या. पुढे अफूजन्य औषधांचा परिणाम थांबवणारे द्रव्य दिल्यावर त्या वेदना पुन्हा वाढल्या. म्हणजे ‘आता बरे वाटेल’ या विश्वासाने शरीराने आपले स्वतःचे वेदनाशामक तयार केले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली दुवा आणि भेटीस आलेल्यांचे दोन गोड शब्द वाया जात नाहीत, ते यासाठी.

मग कोणी विचारील, शरीर स्वतः बरे होते आणि दुवेने धीर येतो, तर दवा कशाला?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावातल्या कावीळीत आहे. डोळे पिवळे झाले की आपल्याकडे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जायची रीत आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. रोगी बरा होतो, श्रेय औषध देणाऱ्याला जाते आणि पुढचे दहा जण त्याच्याच दारी जातात. पण सगळी कावीळ एक नसते. गरोदर बाईला ‘ई’ जातीची कावीळ झाली तर तिच्या जिवावर बेतू शकते. आणि भातलावणीच्या दिवसांत उंदरांच्या व गुराढोरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरणारा लेप्टोस्पायरोसिस? त्यात जोराचा ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात आणि पुढे ते पिवळेही होतात. हा ताप वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात. बाहेरून दोन्ही पिवळेपणा सारखेच दिसतात. कोणता शरीरावर सोपवायचा आणि कोणता नाही, हे रक्ताच्या तपासणीवाचून कळत नाही.

विंचवाचेही तसेच. पुष्कळ विंचवांच्या दंशाने नुसती आग होते आणि ती काही तासांत उतरते. म्हणून विंचू उतरवणाऱ्याच्या मंत्राला यश येते. पण कोकणातला लाल विंचू वेगळा. त्याच्या विषाने अंगाला दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. लहान मुले यात दगावत. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करू लागलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढून निरीक्षणे नोंदवली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. रक्तदाबाच्या ‘प्राझोसिन’ या गोळीचा उपयोग त्यांनी १९८६ मध्ये तेथेच मांडला. ज्या दंशात पूर्वी शंभरांतले चाळीसपर्यंत रुग्ण दगावत, तेथे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याचा अर्थ जुने ते सगळे टाकून द्यावे, असा मुळीच नाही. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८-१९२७) यांनी तिब्बिया कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद एका छपराखाली आणले आणि त्यांना आधुनिक शास्त्राच्या तपासणीची जोड दिली. त्यांच्याच प्रेरणेने डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीवर काम केले आणि १९३१ मध्ये तीतून मिळवलेल्या एका द्रव्याला ‘अजमलीन’ असे हकीमसाहेबांचे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हीच मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि या औषधी मुळीकडे जगाचे लक्ष गेले. हकीम मुसलमान, डॉक्टर पारशी आणि मुळी आयुर्वेदाच्याही ओळखीची! पण ती मानली गेली ती जुनी म्हणून नव्हे, तर पारखून घेतली म्हणून. निरनिराळ्या उपचारपद्धतींचा मेळ घालायचा तो असा. तीच मुळी मात्रा न जाणता घरी उगाळून प्यायली तर रक्तदाब भलताच उतरून घात होईल, हेही ध्यानात असू द्यावे.

आता दीनाची बाजू पाहू. हजरत साद (र.) आजारी पडले तेव्हा पैगंबर (स.) त्यांच्या भेटीस गेले, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले, असे हदीसमध्ये नमूद आहे. भेट घेतली, धीर दिला आणि वैद्याकडेही धाडले. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले, हेही आपण जाणतो. तवक्कुल म्हणतात तो हाच. पावसाळ्याच्या तोंडावर आपले मच्छीमार बांधव होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. त्यांचा अल्लाहवर भरवसा नाही, असे कोणी म्हणते काय? मग मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या आईच्या ईमानाविषयी शंका का घ्यावी?

पालकांना माझी विनंती एवढीच. दुवा अवश्य मागा, सदका द्या, कुराण पढा; त्यासाठी दवाखान्याची वाट सोडावी लागत नाही. साप किंवा विंचू चावला, पावसाळ्यात जोराचा ताप आला, डोळे पिवळे झाले, तर आधी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. वाटेत दुवा चालू ठेवा. गावठी औषध चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. क्षयाची सहा महिन्यांची औषधे चालू असता दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून ती सोडू नका. घरातल्या बायकांचे दुखणे ‘होईल बरे’ म्हणून अंगावर काढू देऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी हकीम. आपल्या वाडीतल्या रुग्णाला त्याची दुवा समजणारा आणि त्याची दवाही जाणणारा माणूस हवा आहे. तो तुमच्यातून निघावा, हीच माझी अल्लाहपाशी दुवा. त्यासाठी अभ्यास मात्र तुम्हांलाच करावा लागेल.

खुदा हाफिज. जय हिंद.