सीनियर झाल्यावर



होस्टेलच्या पहिल्या वर्षी सीनियर मुलांनी मला रात्रभर उभं ठेवलं होतं. मी असं कधीच वागणार नाही, हे तेव्हाच ठरवलं. पुढच्या वर्षी नव्या मुलांना ओळीत उभं केलं, तेव्हा मी सीनियर मुलांत बसून हसत होतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त माझी जागा बदलली होती.

नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १९७१ च्या प्रयोगाविषयी वाचलं. फिलिप झिंबार्डो यांनी नाणेफेक करून काही विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं, काहींना कैदी. छळ इतका वाढला की दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं होतं, अशी टीका पुढे झाली. पण आपल्यालाही ‘इथं असंच चालतं’ हे कुणीतरी सांगतच असतं. घरात, मोहल्ल्यात, जमातीत.

झिंबार्डो स्वतः तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेत हरवले होते. ख्रिस्तिना मास्लाक या तरुण मानसशास्त्रज्ञ तिथं आल्या, त्यांनी हे चूक आहे असं तोंडावर सांगितलं, तेव्हा ते भानावर आले. काही पहारेकरी छळात सामील नव्हते, पण त्यांनी इतरांना अडवलंही नाही.

त्या रात्री मीही कुणाला अडवलं नाही. उद्या तुमच्यातलं कुणी नवरा होईल, कुणी सासू, कुणी ट्रस्टी. त्या जागेवर आधी बसलेल्यांचं वागणं नकळत अंगात येईल. तेव्हा आपण ओळीत उभे होतो ती रात्र आठवा, आणि बोला.