तुकाराम ते सामना

मी बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचा. मनातून न जाणारे चित्रपट सांगायचे, तर पहिला ‘संत तुकाराम’. प्रभात कंपनीचा, 1936 सालचा, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून मनात बसले ते कायमचेच, पण मला जास्त भावते ती गौरीनं साकारलेली तुकोबांची बायको जिजाई. पोरगं आजारी पडल्यावर वहाण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारणारी! अशी बाई आमच्या वाडीवस्तीवर आजही भेटते, म्हणूनच हा चित्रपट जुना होत नाही.

दुसरा जब्बार पटेलांचा ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचं. 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुल्यांचा हिंदुराव साखर कारखान्याचा मालक असल्यासारखा वागतो, तर श्रीराम लागूंचा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न काही केल्या सोडत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. साखरेमागची सत्ता कशी चालते, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

हे दोन्ही चित्रपट घरातल्या तरुण मुलांना सोबत बसवून जरूर पाहा.