भीमाशंकरची घंटा आणि आपली वसईची सहल
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सहलीबद्दल मी बोलावं असं समितीनं ठरवलं. ही कॉम्प्युटरवाली आहे, थोडक्यात आटपेल, असा त्यांचा अंदाज. बघू.

सहल कुठे न्यायची यावरून आपल्या ग्रुपवर जे रणकंदन झालं ते इथे सांगत नाही, सर समोर बसलेत. गोवा झालं, पाँडेचरी झालं, एकानं तर थेट लिस्बन सुचवलं आणि वर्गणीचा आकडा विचारल्यावर गप्प बसला. शेवटी ठरली वसई. तेव्हाही कुरकुर होतीच. किल्लाच बघायचा तर शिवनेरी काय वाईट? पण शिवनेरी हा डोंगरी किल्ला. वसईच्या तटाच्या आत एक अख्खं शहर होतं, रस्ते, चौक, वाडे, मठ, शाळा असलेलं. 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षं हे शहर त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. जपानमध्ये नागासाकीला 1597 साली क्रुसावर चढवले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले.

माळशेज उतरून कल्याण-भिवंडीवरून आपली बस पोचली तेव्हा उन्हं चढली होती. गाण्याच्या भेंड्यांनी घसे बसले होते, हेही नोंदवून ठेवते. या शहराला दोन मुख्य दरवाजे, भुई दरवाजा आणि दर्या दरवाजा. भुई दरवाजाकडून आत शिरून चालत राहिलं की दर्या दरवाजातून थेट खाडीवर निघतो. बाहेर कोळ्यांच्या होड्या, सुकत घातलेली मासळी. मधल्या सगळ्या वाटेवर चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये तर जमिनीवरच्या फरशा म्हणजे थडग्यांचे दगड. त्यावर पोर्तुगीजमध्ये नावं कोरलेली. आपण सगळे बडबडत होतो, तिथे आपोआप आवाज खाली आले आणि काहींनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गंमत. इंग्रज आमदानीत या तटाच्या आत साखरेचा कारखाना काढायचा प्रयत्न झाला होता. तो चालला नाही. हे ऐकल्यावर आपल्यातल्या ऊसवाल्या मंडळींनी पाऊण तास नुसती उसाची चर्चा केली. चारशे वर्षांपूर्वीचं चर्च मागे उभं आणि हे रिकव्हरीवर बोलतायत! पारगावची माणसं कुठेही नेली तरी कारखान्यावर येणारच.

पण मला बोलायचंय ते घंटेबद्दल. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात अरुंद गोल जिना आहे. गुडघे शाबूत असलेले आम्ही सात-आठ जण वर गेलो. खाली उतरलो तर स्थानिक एक वयस्कर काका भेटले, ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक. बायकोशी कादोडीत बोलत होते, आमच्याशी स्वच्छ मराठीत. कुठून आलात? मंचरच्या पुढून, म्हटलं, भीमाशंकर आमच्याच भागात. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडची घंटा तुमच्याकडे आहे. वाजते का हो अजून?"

आपण सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. घोडेगाव, डिंभे करत एसटीनं जायचं, पायऱ्या उतरायच्या, आणि शनिमंदिरासमोर ती टांगलेली. तिच्यावर मेरीची आकृती आहे. शाळेत असताना ती घंटा कुठली, हे आपल्याला पाठ होतं: चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि घंटा देवाला वाहिली. मे 1739. एका मार्काचं उत्तर. अशीच एक मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. आणि आपल्यातल्या बडबड्यांना बाई जिच्यावरून बोलायच्या ती नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईचीच म्हणून सांगतात.

काकांच्या प्रश्नात तक्रार नव्हती. पण "वाजते" एवढं म्हणून आम्ही गप्प झालो. मग आमच्यातल्या एकीनं हिय्या करून विचारलंच, तुम्हाला वाईट वाटतं का? ते म्हणाले, माझे पूर्वज इथलेच, पोर्तुगीज नव्हते. तटाच्या आत मोठ्या लोकांची घरं, आम्ही बाहेर शेतीत. घंटा मात्र आम्हालाही ऐकू यायची.

बसमध्ये परत येताना यावर चांगलंच वाजलं. एक म्हणाला, पोर्तुगीजांनी हिंदूंवर जी बंधनं लादली, देवळं पाडली, त्याचं काय? बरोबरच आहे त्याचं. वसईच्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं पडली, ते काही हौसेनं लढले नव्हते. दुसरी म्हणाली, शरण आलेल्या शत्रूला शस्त्रांसह, मानानं जाऊ दिलं, तेही याच अप्पांनी. मला दोघांचंही पटलं. मला स्वतःला विशेष वाटतं ते निराळंच. घंटा वितळवून तोफ ओतता आली असती. आकृती घासून टाकता आली असती. दोन्ही झालं नाही. मेरी अजून तशीच आहे आणि जो येतो तो तिला हात लावून शंभोला हाक मारतो. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा नाराज झालेल्यांना मी हेच सांगत होते, फक्त तेव्हा हे उदाहरण माझ्या हाताशी नव्हतं.

तर सर, बाई, एक विनंती. शाळेची दहावीची सहल यंदा आम्हाला नेऊ द्या. सकाळी भीमाशंकर, घंटा नीट बघायची, कोरीव कामाचा कागदावर ठसा घेता आला तर देवस्थानला विचारून घ्यायचा. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वसई. त्या काकांचा फोन नंबर मी घेऊन ठेवलाय. मुलांना तटावरून फिरवायला यायचं त्यांनी कबूल केलंय, आणि ठसा मिळाला तर बघायचाय म्हणाले. बस दोन लागतील. निम्मा खर्च बॅच देईल, हे मी आत्ता सगळ्यांसमोर जाहीर करतेय, म्हणजे कुणाला मागे सरता येणार नाही.

जेवण तयार आहे अशी खूण झाली. थांबते.