वादळ वर कुठपर्यंत जातं?



१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होतं. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बहुतेक जण तेव्हा शाळेत होते, करोनाच्या संचारबंदीमुळे घरातच. माड-फणस आडवे झाले, विजेचे खांब वाकले, कित्येक वाड्यांवर पुढे दिवसचे दिवस लाईट नव्हती. पंचनामे झाले ते जमिनीवरच्या नुकसानीचे. मी आज वादळाच्या वरच्या टोकाबद्दल बोलणार आहे. तिथे पंचनाम्याला तलाठी जात नाही.

समुद्राच्या वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि तिच्या जोरावर वादळाचे ढग सोळा-सतरा किलोमीटर उंच झेपावतात. त्याच्या वर स्थितांबर. तिथली हवा उंचीबरोबर तापत जाते, म्हणून ती ढगाला वर येऊ देत नाही. ढग अडतो, धक्का अडत नाही. हवा दबते, उसळते, पुन्हा दबते, आणि त्या हेलकाव्यांचे तरंग वर निघतात. हे गुरुत्व-तरंग, आइन्स्टाईनचे ते वेगळे. वर हवा विरळ. ऊर्जा तेवढीच, वाहून नेणारी हवा कमी, त्यामुळे तरंग चढता चढता मोठा होतो. ८५-९० किलोमीटरच्या आसपास बरेचसे तरंग किनाऱ्यावरच्या लाटेसारखे फुटतात आणि तिथल्या वाऱ्यांना ढकलतात. काही त्याहून वर, आयनांबरापर्यंत, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरापर्यंत जातात.

तरंग फुटतात त्या उंचीवर रात्री मंद उजेड असतो, वायुदीप्ती. उपग्रहांनी त्या उजेडात वादळांनी उठवलेली वर्तुळं टिपली आहेत. चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे कोल्हापूरला गेलात, तर शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथूनही ही दीप्ती मोजली गेली आहे. गंमत अशी, की वादळाखाली उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. ढग आडवे येतात. लांब, निरभ्र आकाशाखाली जावं लागतं.

आयनांबराचं मोजमाप तुमच्या मोबाइलच्या ओळखीचं आहे. जीपीएस उपग्रह दोन लहरींवर संदेश पाठवतो. वाटेतल्या आयनांबरातले इलेक्ट्रॉन दोन्हींना कमी-अधिक उशीर करतात. त्या फरकावरून इलेक्ट्रॉन मोजता येतात. वादळाच्या दिवसांत ही संख्या हलते, असं अनेक ठिकाणी आढळलं आहे.

पण हलवलं कोणी? आयनांबराचा खरा मालक सूर्य. तौक्तेच्या चारच दिवस आधी, १२ मे रोजी, सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीवर जोरदार चुंबकीय वादळ झालं होतं. आयनांबर त्यातून सावरायला काही दिवस घेऊ शकतं. म्हणजे १६ मेच्या नोंदीत चढउतार दिसला, तर तो थेट तौक्तेच्या नावावर मांडणारा निबंध मी तरी परत पाठवीन. वादळाचे तरंग मिनिटांपासून काही तासांच्या आवर्तनाचे असतात आणि उगमापासून बाहेर पसरतात. त्या खुणा सापडल्या, तर पुढचं बोलायचं.

तुलनेला ऑक्टोबर २०१९ चं क्यार घ्या. अरबी समुद्रातलं महाचक्रीवादळ, आणि सूर्य त्या वर्षी अगदी शांत होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं जीपीएस केंद्र आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे, आणि त्या जाळ्याच्या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. इथे गोव्यातल्या साखळी गावात बसून, साध्या लॅपटॉपवर, दोन्ही वादळांचे आठवडे शेजारी-शेजारी लावून बघता येतील. तेवढं गणित तुम्हाला येतं. नाहीतर ही पदवी आज कशाला देतोय?