घराबाहेर पडणाऱ्या आजोबांसाठी



स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरात असलं, की सगळ्यात मोठी धास्ती दाराच्या कडीची. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले आजोबा रात्री दोनला उठतात आणि ‘ऑफिसला उशीर झाला’ म्हणत निघतात. न्यूयॉर्कच्या केनेथ शिनोझुका या मुलाच्या आजोबांना अल्झायमर होता आणि तेही असेच रात्री निघून जायचे. त्यांना सांभाळणाऱ्यांना झोप कशी ती नव्हती. केनेथनं आजोबांच्या पायमोज्याला एक पातळ सेन्सर लावला. पाय जमिनीला टेकून दाब पडला, की घरच्यांचा मोबाइल वाजायचा. २०१४ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’नं त्याला पारितोषिक दिलं, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. या युक्तीतलं मला सर्वांत पटलं ते हे, की आजोबांना नवीन काहीच शिकावं लागलं नाही.

जपानमधल्या इरुमा शहरानं २०१६ मध्ये आणखी साधा मार्ग काढला. वृद्धांच्या नखांवर एक सेंटिमीटरचा क्यूआर कोड चिकटवायचा. तो पाण्यानं निघत नाही, दोनेक आठवडे टिकतो. वाट चुकलेलं माणूस सापडलं, की कोड बघून पत्ता लावायचा.

आपल्याकडे आता जीपीएसची घड्याळं सहज मिळतात. उपग्रहांवरून ठिकाण कळतं, आतल्या सिमकार्डावरून ते घरच्यांच्या फोनवर येतं. घराभोवती सीमा आखून ठेवली, तर ती ओलांडताच सूचना मिळते. काही घड्याळं पडल्याचा झटकाही ओळखतात. अर्थात चार्जिंग संपलं, की सगळं संपलं. म्हणून रोज आंघोळीच्या वेळी घड्याळ चार्जिंगला लावायचं आणि कपडे घालताना परत बांधायचं.

परदेशात जीपीएसचे बूटही निघाले. आपल्या घरात त्यांचा कितपत उपयोग? चपला दाराबाहेर, रात्री निघालेला माणूस अनवाणी जाईल, नाहीतर शेजाऱ्याच्या चपला घालून! आजोबांच्या मनगटाला घड्याळाची सवय असते, पण कित्येक आज्यांनी ते जन्मात बांधलेलं नसतं. नवीन पट्टा दिसला, की त्या ओढून काढतात. त्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचं लॉकेट बरं. मुंबईत अशी लॉकेटं वापरात आली आहेत. त्याला चार्जिंग लागत नाही. मात्र कुणीतरी थांबून ते स्कॅन करायला हवं.

आणि फोन कुणाचा वाजणार? मुलगा अमेरिकेत असेल, तर त्याच्या मोबाइलवर आलेल्या सूचनेनं इथलं दार कोण अडवणार? खालच्या मजल्यावरच्या काकूंचा किंवा वॉचमनचा नंबर आधी नोंदवा.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक माणसं घरीच राहतात, घरचेच त्यांचं करतात. आजाराची नुकतीच सुरुवात असेल, तर घड्याळ आणण्याआधी त्यांना विचारा. ‘बाबा, हे बांधलंत तर तुम्हाला एकट्यानं बागेत जाता येईल’ असं सांगा. नजर ठेवण्यासाठी आणलेलं यंत्र त्यांना कळतं, आणि ते काढून फेकतात.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे १४५६७. सकाळी आठ ते रात्री आठ ती चालू असते. पुन्हा सांगतो, १४५६७. हा नंबर लिहून घ्या आणि आपल्या घरचा नंबर आजच आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात शिवून टाका.