भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि बहुजनांचे मत

(कारधा येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



कामधंदा टाकून तुम्ही येथे जमलात, तेव्हा आडवळण न घेता मुद्द्यास हात घालतो. निवडणूक जवळ आली की कोणा एका मोठ्या माणसाच्या नावाने गावोगाव वाद पेटतो. तो देव की दैत्य, देशभक्त की देशबुडव्या, एवढीच चर्चा चालते. आणि त्याने धान पिकविणाऱ्याच्या खळ्यासाठी, कोष्ट्याच्या मागासाठी, विड्या वळणाऱ्या बाईसाठी काय केले, हे विचारणाऱ्यास लोक खाली बसवितात.

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. २०२४ साली अमेरिकेत ट्रंप यांच्या निवडणुकीवरून जो गदारोळ झाला, तो आपल्या पोरांनीही मोबाइलवर पाहिला. त्याच देशात १८६४ साली याहून मोठा गदारोळ झाला होता. लिंकन अध्यक्ष होते, घरातले युद्ध चौथ्या वर्षात होते, माणसे पडत होती. वर्तमानपत्रे लिंकनला माकड म्हणत, हुकूमशहा म्हणत. आपण पडणार अशी त्यांची स्वतःची इतकी खात्री झाली की ऑगस्टमध्ये त्यांनी तसे एका कागदावर लिहिले, कागद मिटला आणि आतला मजकूर न दाखविता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. नोव्हेंबरात ते निवडून आले. पण ज्या काळ्या गुलामांच्या सुटकेवरून हा सगळा वाद, त्या गुलामांना त्या निवडणुकीत मत नव्हते. ज्याची मान सुरीखाली, त्याला विचारतो कोण! त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, म्हणून इकडे कापसाचे भाव चढले. कापूस पिकविणाऱ्याच्या हाती चार पैसे आले आणि विणणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसला. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त केले. पुण्याच्या एका माळ्याला साता समुद्रापलीकडचे गुलाम आपले वाटले, हे ध्यानात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

आता आपल्या भंडाऱ्याकडे या. १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेवर दोन जण जावयाचे होते. एक सर्वसाधारण जागेचा, एक राखीव जागेचा. ती निवडणूक कोर्टात गेली आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. कारणे दोन, आणि दोन्ही ऐकण्याजोगी. निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे विडीच्या पेढीत भागीदार होते आणि त्या पेढीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार चालू होता. सरकारशी असा करार असलेल्याला कायद्याने उभे राहता येत नव्हते. दुसरे कारण गंगाराम ठवरे यांचे. ते महार, पण महानुभाव पंथात गेलेले. म्हणून ते आता महार उरले नाहीत असे ठरवून त्यांचा अर्ज राखीव जागेसाठी नाकारला होता. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकाल दिला, की पंथ घेतला तरी जात सुटलेली नाही. पाहा बरे! चक्रधरांचा पंथ घेतला तरी गावाने त्या माणसाला महारच समजावे, आणि हक्क मागू लागला की मात्र तू महार नव्हेस म्हणावे. कोर्टाने ही गाठ सोडविली, म्हणून तर भंडाऱ्यात पुन्हा निवडणूक आली.

या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उभे राहिले. १९५२ साली मुंबईत काजरोळकरांकडून ते पडले होते. आता वय त्रेसष्ट, पाय साथ देईनात, मधुमेहाने शरीर पोखरलेले, आणि वर वैशाखाचे ऊन. काँग्रेसने भाऊराव बोरकरांना उभे केले. तेही अस्पृश्य समाजातलेच, तेव्हा हा एका समाजाचा दुसऱ्याशी झगडा नव्हता. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

वाद कशावरून होता? देशभर बाबासाहेबांविरुद्ध जे बोलले जाई ते असे: इंग्रजांच्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात हे मंत्री होते, हिंदू कोड आणून बायका-मुलींना वाटा देऊ पाहतात, म्हणजे धर्म बुडवितात, आणि १९५३ च्या सप्टेंबरात राज्यसभेत यांनीच म्हटले की ही घटना जाळावयाची झाली तर पहिला मी असेन. स्वतः लिहिलेली घटना जाळणारा माणूस! असे वाक्य प्रचारात किती चालते हे आम्ही सांगावयास नको. बाबासाहेबही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी भंडाऱ्याच्या सभांतून पंडित नेहरूंच्या कारभारावर व परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पाकिस्तानला लष्करी मदत जाहीर केली होती, आणि देशभर त्यावरून संताप होता. नेहरूंचे नाव तेव्हा घराघरात पूजेच्या ठिकाणी. त्यांच्यावर टीका म्हणजे देशावर टीका, असा समज सहज पसरे.

दोन्ही बाजूंनी बोलणे झाले ते दिल्लीचे, वॉशिंग्टनचे. वैनगंगेकाठच्या धानकऱ्याचे नाव त्यात कितीसे होते? आमच्या मते खरा घोळ येथे झाला. कारध्याच्या पुलाशी वैनगंगेचे पाणी मोजतात. नदी किती गरजते यावरून कोणी पूर ठरवीत नाही, रेघ पाहून ठरवितात. त्या वेळी बाबासाहेबांना लावावयाच्या रेघा होत्या आणि त्या कागदावर लिहिलेल्या होत्या. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी खोती मोडण्याचे बिल आणले. कोकणात खोत तो आपल्याकडचा मालगुजार समजा. त्या खोताखाली पिचणारी कुळे कोणती? त्यांत महार होते तसे कुणबीही होते, आणि १९३८ च्या जानेवारीत कुणबी व महार एकाच मोर्चात मुंबईच्या रस्त्याने चालले. हे ज्याने केले त्याला 'महारांचा पुढारी' एवढेच म्हणून मोकळे होणे हा अडाणीपणा म्हणावा की लबाडी, ते तुम्हीच ठरवा.

याहून जवळची रेघ दुसरी. घटनेतले ३४० वे कलम. अस्पृश्यांखेरीज जे मागासलेले आहेत, म्हणजे तेली, माळी, कोष्टी, ढिवर, कुंभार, न्हावी, त्यांची स्थिती तपासण्यास आयोग नेमावा, असे हे कलम. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले तेव्हा दिलेल्या कारणांत हेही एक होते, की मागासवर्गीयांसाठी तो आयोग अजून नेमला गेलेला नाही. हिंदू कोडाचे कारण सर्वांच्या तोंडी आहे. हे कारण मात्र ज्यांच्यासाठी होते त्यांच्या घरांपर्यंत पोहोचलेच नाही. जानेवारी १९५३ मध्ये कालेलकर आयोग नेमला गेला, म्हणजे भंडाऱ्याची निवडणूक झाली तेव्हा त्याचे काम चालूच होते. कोष्टीवाड्यात, तेलीपुऱ्यात जाऊन 'हे कलम तुमचे आहे' असे सांगणारे किती निघाले असतील? फेडरेशनच्या प्रचारकाला त्या वाड्यात बसावयास घोंगडी तरी मिळाली असती काय, हाही प्रश्नच आहे.

आता मतांची गोष्ट. तेव्हा प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. पेट्या वेगळ्या, फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांची झोपडी, काँग्रेसची बैलजोडी. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांचा विचार असा, की एक मत हत्तीला द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, वाया घालवावे. म्हणजे दुसऱ्या कोणाचा आकडा वाढणार नाही. त्यास मत 'कुजविणे' म्हणत. ज्याने मताचा अधिकार घटनेत लिहिला त्याने मत कुजवा म्हणून सांगावे, हे बाबासाहेबांना मान्य झाले नाही. पडलो तरी चालेल असे ते म्हणाले, अशी आठवण त्या पिढीतले कार्यकर्ते सांगत. मे महिन्यात मते पडली. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठेक हजार मतांनी पडले. लाखाहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले होते, तेव्हा सगळ्यांनीच पाठ फिरविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण महारवाड्यातली दुसरी मते झोपडीत गेली आणि झोपडीवाल्यांची दुसरी मते तितकी हत्तीकडे आली नाहीत, असे तेव्हापासून बोलले जाते. जोतीरावांना अमेरिकेतला गुलाम आपला वाटला. येथे गावकुसाबाहेरचा शेजारी आपला वाटावयास एक चिठ्ठी जड गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबासाहेब गेले. कालेलकरांचा अहवाल १९५५ साली आला आणि सरकारने तो बाजूस ठेवला. मग मंडल आयोग, मग १९९० सालची घोषणा, मग १९९२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तेव्हा कोठे केंद्राच्या नोकऱ्यांत शेकडा २७ जागा मिळाल्या. घटना लागू झाल्यापासून चार दशके! एक पिढी वाट पाहत म्हातारी झाली आणि दुसरी नोकरीच्या वयातून बाहेर पडली. आज ज्या घरात इतर मागासवर्गाचा दाखला पेटीत जपून ठेवलेला आहे, त्या घराने त्या दाखल्याचे मूळ कोठे आहे ते पोरांना दाखवावे. त्यास वही-पेन लागत नाही.

दोन मतांची ती पद्धत १९६१ च्या कायद्याने गेली. आता चिठ्ठी एकच, तीही यंत्रात. पुढल्या खेपेस कोणी उमेदवार येथे येऊन मोठ्या माणसाच्या नावाने गळा काढू लागला, तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि विचारा: धानाच्या खरेदी केंद्रावर काटा कोण पाहतो? हजार विड्यांमागे बाईच्या हाती नेमके काय पडते? मामा तलावांचा गाळ कोण काढणार? तो पुन्हा दिल्लीकडे, अमेरिकेकडे वळला, तर पुन्हा विचारा.